घरी मोठे फोटो छापायचे तर प्रिंटर कोणता घ्यावा, आणि नागपुरात तो ठेवावा कुठे

कोणता प्रिंटर घेऊ, असं विचारायला कोणी आलं की मी आधी उलट विचारते, मे महिन्यात तो ठेवणार कुठे? माणूस गोंधळतो. चार मॉडेलं पाहून ठेवलेली असतात, कोणात किती शाया आणि कोणाचं रिझोल्यूशन किती हे तोंडपाठ असतं, आणि ही बाई कूलरचं काय विचारून राहिली! पण आमच्या नागपुरात घरचा फोटो-प्रिंटर टिकतो की वाळून बसतो, हे खोलीची हवा आणि तुम्ही त्याला किती वेळा कामाला लावता यावरच ठरतं. फोटो चांगला येतो का, हा प्रश्न त्यानंतरचा. हल्ली नावाजलेल्या कंपन्यांचं कुठलंही फोटो-मॉडेल नीट कागद दिला तर चांगलाच फोटो काढतं.

मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. पेंच-उमरेडची जंगलं, अंबाझरी तलावाचा काठ, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतली गर्दी, एवढं माझ्या कॅमेऱ्याचं जग. त्रिमूर्तीनगरात दुसऱ्या मजल्यावर राहते आणि छपाई घरीच करते. पुढचं सगळं त्या बेताने वाचा.

आधी हवेचं

इंकजेटच्या, म्हणजे शाईचे थेंब उडवून छापणाऱ्या प्रिंटरच्या, हेडला केसाहून बारीक शेकडो, मोठ्या मॉडेलांत हजारो, नोझल्स म्हणजे छिद्रं असतात आणि प्रत्येकाच्या तोंडाशी शाई थांबलेली असते. काम संपलं की हेड एका कोपऱ्यात जाऊन रबरी टोपणावर बसतं. फाउंटन पेनाचं टोपण उघडं राहिलं तर काय होतं ते आपल्या पिढीला सांगायला नको. टोपण बसलं तरी ओल हळूहळू उडतच असते. हवा जितकी कोरडी आणि तापलेली, तितकी लवकर.

एप्सनच्या पुस्तिकांत चालवायची हवा साधारण १० ते ३५ अंश आणि आर्द्रता २० ते ८० टक्के अशी दिलेली असते. आता आपला मे महिना आठवा. पारा ४५ च्या आसपास, दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली, आणि वरच्या मजल्याची बंद खोली संध्याकाळी सातलाही भट्टी. म्हणजे दोन्ही अटी एकदमच मोडल्या. जुलै-ऑगस्टात उलटं होतं, झड लागली की खोलीत ८०-८५ टक्के ओल सहज भरते.

कूलर लावला की झालं, असं वाटतं. कूलरने हवा ओलसर होते, हेडला ते बरंच. पण कूलरचा झोत थेट प्रिंटरवर आला तर कागदाचं वाटोळं होतं. १३ गुणिले १९ इंचाचा जाड फोटो पेपर ट्रेमध्ये उभा करून कूलरसमोर अर्धा तास ठेवा आणि बघा. वरचे दोन्ही कोपरे मागे वळतात. तो कागद आत गेला की वळलेली कड हेडला घासते आणि पांढऱ्या किनारीवर काळपट ओरखडा उमटतो. कागद गेला तो गेला, हेडच्या तोंडाशी धागा-धूळ अडकली ती वेगळी. कूलरच्या गवताचे तूसही हवेत असतात, ते विसरू नका.

तेव्हा जागा अशी शोधा: कूलरच्या झोतात नाही, पश्चिमेच्या भिंतीला नाही, गॅलरीच्या दारात नाही. माझा प्रिंटर आतल्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला आहे. कूलर बाहेरच्या खोलीच्या खिडकीत चालतो, मधलं दार अर्धं उघडं. त्यामुळे ओल येते, झोत येत नाही. एसीची खोली असेल तर उत्तमच, पण एसीही हवा कोरडी करतो, तेव्हा तापमान सुटलं म्हणून आर्द्रता सुटली असं नाही. छोटं डिजिटल आर्द्रतामापक ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतं, ते प्रिंटरशेजारी ठेवा. आकडा ४० ते ६० च्या मध्ये असला तर निवांत. २५ च्या खाली गेला तर मी शेजारी पाण्याचं पसरट भांडं ठेवते आणि काम नसताना प्रिंटरवर प्लास्टिकचं कव्हर घालते. कापडी कव्हर धुळीपुरतं, ओल त्यातून जाते.

जागा ठरली की टेप घेऊन मोजा. मागून कागद घेणाऱ्या प्रिंटरला वर आणि मागे हातभर जागा हवी. जाड कागद समोरून सरळ आत जातो आणि मागून बाहेर डोकावतो, अशी व्यवस्था काही मॉडेलांत असते, तिथे भिंतीला चिकटवून चालत नाही. कॅननचा प्रो-१००० हा १७ इंच रुंद कागद घेणारा प्रिंटर ३२ किलोचा आहे. टी-पॉयवर ठेवायची वस्तू नाही ती. उचलायलाही दोघं लागतात. एप्सनचा त्याच रुंदीचा पी९०० साधारण निम्म्या वजनाचा. आमच्यासारख्या दोन खोल्या आणि एक हॉलवाल्यांना हा फरक रिझोल्यूशनपेक्षा मोठा.

खरंच हवा का?

लग्नाचा अल्बम, वाढदिवसाचे पन्नास फोटो, वर्षातून एकदा भिंतीवरची एक फ्रेम, एवढंच काम असेल तर प्रिंटर घेऊ नका. सदरला किंवा धरमपेठेत लॅबमध्ये फाइल द्या आणि संध्याकाळी प्रिंट घेऊन या. १२ गुणिले १८ पर्यंत लॅबचा दर घरच्या खर्चाहून बहुधा कमीच पडेल, आणि रासायनिक कागदावरचे ते प्रिंट वाईटही नसतात.

घरचा प्रिंटर कोणाला? ज्याला मॅट (बिनचमकीच्या) किंवा कॉटन (कापसाच्या) कागदावर छापायचं आहे, कृष्णधवल फोटोत हिरवी-जांभळी झाक चालत नाही, एक फोटो तीनदा छापून सावली थोडी उघडायची आहे, आणि मुख्य म्हणजे जो आठवड्यातून एकदा तरी काहीतरी छापणारच आहे. शेवटची अट मोडली तर बाकीच्यांना अर्थ नाही. बंद पडून राहिलेला प्रिंटर सुरू केला की आधी स्वतःची साफसफाई करतो आणि त्यात चांगली शाई ओढून वाया शाईच्या टाकीत टाकतो. महिन्याला दोन फोटो काढणाऱ्याची निम्मी शाई अशीच नाल्यात जाते.

म्हणून मी अनेकांना सुचवते, तिघं मिळून एक घ्या. फोटो काढणारे मित्र असतातच. एकाच्या घरी प्रिंटर, प्रत्येकाने आपला कागद आणायचा, वहीत प्रिंटची नोंद, शाई संपली की नोंदीप्रमाणे वाटणी. प्रिंटर रोज-दोन रोजाआड चालतो आणि हेड ओलं राहतं. फक्त ज्याच्या घरी ठेवाल त्याच्या घरच्यांना आधी विचारा. रविवारी सकाळी तर्री-पोह्यांची अपेक्षा ठेवून तीन माणसं येणार, हे त्यांना माहीत असलेलं बरं.

किती मोठा

मोठा प्रिंटर म्हटलं की आपल्याकडे फ्लेक्सची मशीन डोळ्यापुढे येते. ती वेगळी जात, तिची शाई वेगळी, वासही वेगळा. घरात ती नको. घरच्या फोटोसाठी दोनच रुंद्या विचारात घ्या, १३ इंची आणि १७ इंची.

१३ इंचीत ए३ प्लस म्हणजे ३२९ गुणिले ४८३ मिलिमीटरचा कागद जातो. त्यावर चारी बाजूंना अर्धा इंच सोडला तर बरोबर १२ गुणिले १८ चा फोटो बसतो, आणि या मापाच्या तयार फ्रेमा सीताबर्डीत कुठेही मिळतात. १७ इंचीत ए२, म्हणजे ४२० गुणिले ५९४. भिंतीवर याचा रुबाब वेगळा, यात वाद नाही. पण कागद महाग, फ्रेम करून घ्यावी लागते, आणि घरातल्या भिंती लवकर संपतात. २४ इंची रोलवाल्या मशीनला घरात पाय ठेवू देऊ नका. वर्षातून तीन-चार मोठे प्रिंट लागले तर ते बाहेरून काढून घ्या.

तुमची फाइल पुरते का तेही पाहा. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० गुणिले ४००० पिक्सेल देतो. १८ इंचात पसरले तर इंचाला ३३३, म्हणजे भरपूर. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलचे ४००० पिक्सेल १६ इंचात २५० पडतात, तेही चांगले. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो मात्र लांबीला १६०० पिक्सेलच्या आसपास उरतो. १८ इंचात इंचाला ९० सुद्धा नाही. आजोबांचा असा फोटो घेऊन कोणी आलं की मूळ फाइल मागवा, प्रिंटर बदलून काही होणार नाही.

शाई: खरा निर्णय इथे

फोटोच्या शाया दोन जातींच्या, डाय आणि पिगमेंट. डाय पाण्यात विरघळलेला रंग, कागदाच्या लेपात मुरतो. ग्लॉसीवर, म्हणजे चमकत्या कागदावर, झळाळी छान, खर्च कमी, आणि हेड अडकलं तर सुटायलाही सोपं. पण उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने तो लवकर उडतो. पिगमेंट म्हणजे रंगाचे बारीक कण, ते कागदाच्या वर बसतात. मॅट आणि कॉटन कागदावर त्याला तोड नाही आणि तो टिकतो. विल्हेल्म इमेजिंग रिसर्च या संस्थेच्या चाचण्यांत चांगल्या कागदावरच्या पिगमेंट प्रिंटांचे अंदाज शंभर वर्षांच्या पुढे जातात. ते काचेमागच्या, घरातल्या प्रकाशातल्या प्रिंटचे अंदाज असतात, जोरकस उजेडात लवकर झिजवून काढलेले. आपल्या पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत त्यात धरलेली नसते. पिगमेंटचा तोटा असा की ग्लॉसी कागदावर शाई असलेला आणि नसलेला भाग वेगवेगळा चमकतो. हे झाकायला कॅननच्या प्रो-३०० मध्ये रंगांबरोबर एक पारदर्शक द्रवही असतो.

माझा कौल असा. घरचे फोटो, भेट द्यायचे प्रिंट, कॅलेंडर, पोरांचे प्रोजेक्ट, आणि कधीमधी जंगलातला वाघ, असं मिश्र काम असेल तर सहा रंगांचा डायवाला टँक प्रिंटर घ्या. एप्सनचा एल१८०५० हा ए३ प्लसपर्यंत जातो, बाटलीतून शाई भरायची, आणि मेंटेनन्स बॉक्स, म्हणजे वाया गेलेली शाई जमते तो डबा, स्वतः बदलता येतो. आधीच्या एल१८०० मध्ये वाया गेलेली शाई आतल्या पॅडमध्ये जिरायची आणि पॅड भरला की दुकानाच्या फेऱ्या. म्हणून जुना एल१८०० स्वस्तात मिळत असला तरी पॅडचं विचारल्याशिवाय पैसे मोजू नका. स्कॅनरसकट हवा असेल तर एल८१८० पाहा, त्यात करड्या रंगाची वेगळी शाई आहे, कृष्णधवलला उपयोगी. एल१३०० मात्र चार रंगांचा आहे. दुकानदार ए३ प्लस, ए३ प्लस करत तोच पुढे सरकवतो. आकाशाच्या आणि गालाच्या हलक्या छटांत त्याचे ठिपके दिसतात. फोटोसाठी तो नको.

प्रदर्शन लावायचं आहे, प्रिंट विकायचे आहेत, कृष्णधवल जीव की प्राण आहे, तर पिगमेंट. १३ इंचीत कॅननचा प्रो-३०० किंवा एप्सनचा शुअरकलर पी७००. १७ इंचीत पी९०० किंवा प्रो-१०००. एप्सनच्या नंबरात शेवटी ३ दिसला तर बिचकू नका, घराणं तेच. जुन्या पी६००, पी८०० मध्ये ग्लॉसीची काळी आणि मॅटची काळी शाई एकाच वाटेने जायची, बदलताना शाई वाया. पी७०० आणि पी९०० मध्ये दोघींना वेगळी वाट आहे. जुनं मॉडेल घेताना हा मुद्दा विचाराच. कॅननचा प्रो-२०० दिसायला प्रो-३०० चा भाऊ, पण तो डायवाला.

हेडच्या तंत्रात एप्सन आणि कॅनन वेगळे. एप्सनमध्ये विजेने हलणारा पिझो स्फटिक शाई ढकलतो. कॅननमध्ये शाई क्षणभर तापून बुडबुडा होतो आणि थेंब उडतो. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग आयर्न चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि शाई उडाली, त्यातून ही कल्पना निघाली. आपल्याला यातून घ्यायचं ते एवढंच: तापणारं हेड झिजतं, म्हणून ते बदलायचा भाग धरून चाला. पिझो हेड वर्षानुवर्षं चालतं, पण एकदा पक्कं अडकलं की दुरुस्तीचं बिल प्रिंटरच्या किमतीकडे बघत येतं.

पैशाचा हिशेब

बाहेरच्या किमतीवर जाऊ नका, मिलिलिटर मोजा. ए३ प्लसच्या एका भरलेल्या फोटोला साधारण २ मिली शाई धरा. प्रो-३०० च्या दहा कार्ट्रिज मिळून १४४ मिली. पी७०० च्या दहा मिळून २५०. पी९०० च्या ५००. प्रो-१००० च्या बारा मिळून ९६०. एल१८०५० च्या सहा बाटल्या मिळून ४२०. आता कार्ट्रिजची किंमत भागिले तिचे मिली, हा तुमचा दर. त्याला २ ने गुणा, साफसफाईसाठी वर निम्मं धरा, कागदाची किंमत मिळवा. लहान कार्ट्रिजवाला प्रिंटर दुकानात स्वस्त का असतो ते लगेच कळतं. सगळ्या शाया एकदम संपत नाहीत हेही लक्षात ठेवा. फिकट रंग आणि करडा आधी संपतात, तेव्हा त्यांचा एक सुटा डबा घरात हवा. नव्या मशीनसोबत आलेल्या शाईतली बरीच पहिल्याच दिवशी नळ्या भरण्यात जाते, तिच्यावर हिशेब मांडू नका.

कॉटन कागद वापरणार असाल तर शाईचा हिशेब सोडूनच द्या. एका शीटची किंमत त्यावरच्या शाईला सहज मागे टाकते.

लोकल शाईबद्दल सगळे विचारतात. टँकवाल्या डाय प्रिंटरला ती चालते, रंग थोडे सरकतात, वॉरंटीचा प्रश्न तुमचा. पिगमेंट प्रिंटरमध्ये घालू नका. कण जरा जाड असले की नोझल बसलाच. खरेदी करताना खोक्यावरची तारीख वाचा. आपल्याकडे अशा कार्ट्रिजचा खप कमी, त्यामुळे जुना माल पडून असू शकतो, आणि फोडल्यावर सहा महिन्यांत वापरा असं कंपन्याच सांगतात.

दुकानात जाताना

पेनड्राइव्हमध्ये स्वतःची चाचणीची फाइल न्या. कंपनीचा डेमो फोटो कुठल्याही प्रिंटरवर सुंदरच येतो, तो त्यासाठीच केलेला असतो. माझी फाइल मी मारबतीच्या मिरवणुकीच्या फोटोंवरून बनवली आहे, ए४ वर चार तुकडे. (मारबत आणि बडग्या हे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवतात ते मोठाले पुतळे.) एकात पिवळी मारबत भर उन्हात. चेहऱ्याच्या पिवळ्यात निदान चार-पाच छटा वेगळ्या दिसायला हव्यात. हलका प्रिंटर सगळा चेहरा एकाच पिवळ्याने लिंपतो. दुसऱ्यात काळी मारबत, सावलीत. काळ्या अंगावर काळी सावली, त्यात हाताची कड सुटी दिसते का? तिसऱ्यात बडग्यामागच्या गर्दीतले चेहरे, सावळे, गव्हाळ, घामाने चकाकणारे. आणि चौथ्यात पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्या पट्ट्या.

प्रिंट हातात आला की तो ट्यूबलाइटखाली तिरपा धरा. काळ्या भागावर तांब्यासारखी झाक दिसते का? मग दुकानाच्या दारात, उजेडात या. करड्या पट्ट्या आत करड्या आणि बाहेर हिरवट झाल्या तर कृष्णधवल विसरा. भिंगाने आकाशाचा किंवा सपाट रंगाचा भाग बघा, आडव्या बारीक रेघा दिसल्या तर नोझल चेक, म्हणजे कोणती छिद्रं बंद आहेत ते दाखवणारा चाचणीचा कागद, काढायला सांगा. डेमोचा प्रिंटरच बंद पडलेला असेल तर तोही एक निकालच.

मोठे फोटो-प्रिंटर दुकानात डेमोला नसतात बऱ्याचदा. मग डीलरला सांगा, माझी फाइल या मॉडेलवर छापून मागवून द्या. एवढ्या पैशाची वस्तू घेताना हे मागणं अवाजवी नाही.

आणि प्रश्न विचारा. सीताबर्डीतला माझा एक संवाद अजून लक्षात आहे.

"मॅडम, हा घेऊन टाका डोळे झाकून. दिवसाला शंभर शंभर फोटो काढून राहिले लोकं याच्यावर."

"काढून राहिले असतील भाऊ. मी आठवड्याला चार काढते. हा दहा दिवस बंद राहिला तर काय करते, ते सांगा."

"बंद काऊन ठेवता पण?"

"परीक्षेचे पेपर तपासायला असतात म्हणून."

तो हसला, आणि मग खरं बोलायला लागला. तुम्हीही असंच विचारा. हेड बदलायचं झालं तर इंजिनियर नागपुरात आहे की पुण्या-मुंबईहून येईल? हेड ग्राहकाला बदलता येतं की नाही? मेंटेनन्स बॉक्स आणि फिकट शाया दुकानात आहेत की मागवाव्या लागतील, किती दिवसांत? वॉरंटीत हेड धरलंय का, की प्रिंटच्या संख्येवर अट आहे? ही उत्तरं बिलावर किंवा निदान मेसेजवर लिहून घ्या. दोन चांगल्या मॉडेलांत अडकलात तर ज्याचा इंजिनियर आणि शाई गावात, तो घ्या. फोटोतला फरक भिंगाने दिसतो, शाई न मिळाल्याने थांबलेला प्रिंटर रोज दिसतो.

जुना घेत असाल तर समोर नोझल चेक काढून घ्या, तोही दोनदा, मध्ये पंधरा मिनिटं सोडून. पहिला स्वच्छ आणि दुसऱ्यात रेघा तुटलेल्या, तर शाईच्या वाटेत हवा आहे. सोडून द्या. टँकवाला प्रिंटर ऑटोत तिरपा टाकून आणू नका. मागच्या सीटवर सपाट, आणि कोणीतरी धरून.

घरी आणल्यावर

झोपताना बोर्डाची सगळी बटणं बंद करायची आपल्याला सवय असते. प्रिंटरच्या बाबतीत ती मोडा. आधी प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबा, हेड टोपणावर जाऊन बसू द्या, दिवा विझला की मग भिंतीचं. थेट भिंतीचं बटण मारलं आणि हेड मध्येच उभं राहिलं तर एप्रिलच्या एका रात्रीत वाळतं. छापताना लाईन गेली तरी तेच, म्हणून प्रिंटर इन्व्हर्टरवर घ्या. इंकजेटला वीज फार थोडी लागते, लेझर प्रिंटरसारखा तो इन्व्हर्टरला झेपत नाही असं नाही.

पहिला प्रिंट काळपट आला म्हणून सगळे फोन करतात. नव्वद टक्के वेळा दोष स्क्रीनचा असतो. लॅपटॉपचा उजेड पूर्ण चढवलेला, खोलीत अंधार, आणि त्यावर पाहून फोटो गडद केलेला. स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणा, शेजारी पांढरा कागद धरा, दोन्ही सारखे उजळ वाटेपर्यंत कमी करा. स्क्रीनचे रंग मोजून नीट करणारा कॅलिब्रेटर विकत घेण्याऐवजी मित्रमंडळीत एक असला की पुरतो. मग कागदाच्या कंपनीच्या साइटवरून तुमचा प्रिंटर आणि तो कागद या जोडीचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे रंग बरोबर यावेत म्हणून दिलेली छोटी फाइल, उतरवा. छापताना रंगांचा कारभार एकाकडेच द्या, सॉफ्टवेअरकडे दिला तर प्रिंटरच्या सेटिंगच्या खिडकीत रंगदुरुस्ती बंद. दोघांनी दुरुस्ती केली की सगळे चेहरे लालबुंद. कागदाचा प्रकारही तिथे बरोबर निवडा, शाई किती सोडायची हे त्यावरच ठरतं.

कागद नेहमी पाकिटात, आडवा, घडी मारून बंद. स्टेशनरीच्या दुकानातला स्वस्त ग्लॉसी, ज्याची मागची बाजू साध्या कागदासारखी असते, तो डायसाठी ठीक. पिगमेंट त्यावर बोटाने पुसलं जातं. पावसाळ्यात ग्लॉसीवर चाकांचे बारीक ठिपके उमटले तर कागद ओल धरून बसलाय. आणि ताजा प्रिंट लगेच काचेमागे घालू नका. शाईतला द्रव उडत असतो, तो काचेवर धुक्यासारखा जमतो. एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा, झडीच्या दिवसांत दोन.

नोझल चेकमध्ये एखादी रेघ तुटली तर एकदा साधी सफाई करा. नाही सुटली तर काही तास थांबा, शाई वाळलेल्या भागाला भिजवू द्या, मग पुन्हा. लागोपाठ सहा वेळा जोरदार सफाई मारून उपयोग नाही, मेंटेनन्स बॉक्स तेवढा भरतो.

उन्हाळ्यात गावाला जाणाऱ्यांसाठी शेवटचं. मी मेमध्ये लेकीकडे पुण्याला जाते तेव्हा डेस्कटॉपवर एक फाइल काढून ठेवते, ए४ वर सगळ्या शायांच्या रुंद पट्ट्या. खालच्या मजल्यावरचा अकरावीतला मुलगा दर रविवारी येतो, पाण्याचं भांडं भरतो, प्रिंटर लावतो, ती एक फाइल साध्या मॅट कागदावर छापतो आणि प्रिंटरच्याच बटणाने बंद करतो. कागदावर तारीख टाकून ठेव, एवढंच त्याला सांगितलेलं आहे. परत आल्यावर गठ्ठा चाळला की कोणत्या आठवड्यात कोणता रंग दमला ते कळतं. गेल्या उन्हाळ्यात फिकट निळा दमला होता, एका साध्या सफाईत सुटला. त्या मुलाला मोबदला म्हणून त्याच्या क्रिकेटच्या टीमचा १२ गुणिले १८ छापून दिला. पुढच्या वर्षी तो बारावीत जाईल, तेव्हा माणूस बदलावा लागेल.